दादाने शेंदूर लावलेला दगड

‘चालकाचा ताबा सुटल्याने पेट्रोलचा टँकर उलटला.’ हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. भिवंडीच्या रस्त्यांवर गाडी उलटण्याची बातमी काही नवी नाही. मी मोबाइल पालथा ठेवला आणि जेवायला लागले. दहा मिनिटांनी वहिनीचा फोन आला. तिला बोलताच येत नव्हतं, मागे कुणीतरी हॉस्पिटलचं नाव सांगत होतं... तो चालक म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, बाळाराम. भाजलेल्या अवस्थेत तो दोन दिवस होता आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. त्याला आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात ते वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं, आणि दर वेळी मला तितकाच संताप आला. ताबा सुटल्याने म्हणे. तेलाच्या बाबतीत या गावात एकाच माणसाचा स्वतःवर ताबा होता, आणि त्याच्याच नावावर हे लिहिलं गेलं. तेही दुसऱ्यांदा. पहिल्यांदा लिहिलं गेलं तेव्हा मी तिथेच होते आणि गप्प बसले होते. म्हणून हा लेख.

आमचं माहेर खाडीकाठचं. बाबा खाडीत डोल लावायचे, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीवर मासळी धरणारं मोठं जाळं. दादा आणि मी शाळेआधी त्यांच्यामागे बांधावर जायचो. मी चौथीत असेन, एका सकाळी भरतीबरोबर पाण्यावर काळी साय आली. तिवरांची मुळं गुडघाभर काळी झाली. जाळं ओढलं तर बोयटांना रॉकेलसारखा वास, आणि चिखलातल्या निवट्या पोट वर करून पडलेल्या. बाबांनी हात सदऱ्याला पुसले, तो डाग त्या सदऱ्यावरून कधी गेला नाही. काही दिवसांनी एक साहेब आले, नाकाला रुमाल लावून बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, “हे इथलं नाही, बाहेरून आलंय. कुठल्या तरी जहाजाचं असणार.” तेवढंच वहीत लिहून ते गेले. कुठलं जहाज, कुणाचं तेल, कुणी सांडलं, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. पुढची दोन वर्षं आमच्या खाडीची मासळी बाजारात कुणी हातात घेईना. पुढे दादा मोठा झाल्यावर घरात काहीही बिघडलं, दूध नासलं की पंखा बंद पडला, की तो त्या साहेबाच्या आवाजात म्हणायचा, “भायरून आलंय.” आम्ही हसायचो. बाबा मात्र हसत नसत.

खाडीने पोट भरेना तेव्हा दादा टँकरवर क्लीनर म्हणून लागला आणि तीन वर्षांत ड्रायव्हर झाला. ज्या तेलाने बापाचं जाळं खाल्लं तेच तेल वाहायला तू निघालास, असं बाबा एकदाच म्हणाले. तेव्हापासून तो ज्या पद्धतीने काम करायला लागला, तेच मला त्याचं उत्तर वाटतं. टँकरच्या मागे जमिनीला घासत जाणारी साखळी तुम्ही पाहिली असेल. टाकीत साठलेली वीज जमिनीत उतरावी, ठिणगी पडू नये, म्हणून ती असते. दादा निघताना ती साखळी हाताने ओढून बघायचा, पोचल्यावर पुन्हा बघायचा. माझ्या लग्नात तो वऱ्हाडाच्या बसला मागून साखळी आहे का म्हणून वाकून बघत होता, यावरून आम्ही त्याला वर्षानुवर्षं चिडवलं. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा वाईट, हे त्यानेच मला समजावलं. मला पटेना. मी भूगोल शिकवते, वजन जास्त तर धोका जास्त असं साधं गणित माझ्या डोक्यात. तो म्हणाला, “बाय, अर्धा हंडा डोक्यावर घेऊन वलन घे. तुजं पानी तुलाच ढकलील.” खाडीकाठच्या बाईला याहून स्पष्ट काय सांगायचं?

नववीच्या पुस्तकात वाहतुकीचा धडा शिकवायचा होता, तेव्हा मी त्याला एकदा वर्गात बोलावलं. आमची मुलींची शाळा. बऱ्याच मुलींचे वडील कापडाच्या लूमवर, नाहीतर गोडाऊनमध्ये. ‘खनिज तेलाच्या वाहतुकीच्या पद्धतींची तुलना करा’ हा माझा आवडता पाच गुणांचा प्रश्न. फळ्यावर मी रकाने आखून ठेवले होते : जहाज, रेल्वे, रस्ता, नळवाहिनी. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला, खडू हातात घेतला आणि एकेका रकान्यावर टेकवत बोलायला लागला. रस्त्यावर टँकर फुटला की लगेच कळतं, कारण माणसं मरतात. रेल्वेला स्वतःची वाट असते, तिथं कुत्रा आडवा येत नाही, पण घसरली तर एक वाघीण नाही, रांगच्या रांग जाते. जहाज एकदम गावभर तेल घेऊन येतं, आणि सांडलं की ज्याचा दोष त्याच्या दारात न जाता ते भलत्याच्याच खाडीत जातं. आणि नळी? जमिनीखालची नळी सगळ्यांत शांत. तिच्यातून सगळ्यांत जास्त तेल जातं आणि सगळ्यांत कमी बातम्या येतात. पण ती गळली तर हळू गळते, विहिरीला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पहिल्या बाकावरच्या शबानाने हात वर केला. “मग सगळ्यात सेफ कुठली, मामा? पेपरात काय लिहायचं?” दादा म्हणाला, “ज्याच्यावर रोज कोनतरी नजर ठेवतंय ना पोरी, ती.” मी गडबडीने सांगितलं की पेपरात नळवाहिनी असंच लिहा, नाहीतर गुण जातील. पोरी हसल्या. दादाही हसला. आज मला त्या घाईची लाज वाटते.

पन्नाशी जवळ आल्यावर कंबर धरायला लागली, तेव्हा त्याने टँकर सोडला आणि एका तेलकंपनीच्या ठेकेदाराकडे लाइनवॉकर म्हणून लागला. म्हणजे जमिनीखालून तेलाची नळी जाते तिच्या माथ्यावरून रोज पायी चालायचं आणि सगळं ठीक आहे का बघायचं. त्याच्या वाट्याला आलेला पट्टा नेमका माझ्या सासरच्या, पूर्ण्याच्या शिवारातून जाणारा. काठी, रजिस्टर आणि पाण्याची बाटली घेऊन तो सकाळी निघायचा. मध्येच कुठे गवत अवेळी पिवळं दिसलं की बसायचा, चिमूटभर माती बोटांत चुरगाळून नाकाशी न्यायचा. माझ्या सासूबाई म्हणायच्या, तुझा भाऊ माती हुंगत फिरतो, लोक काय म्हणतील. मी म्हणायचे, पगार घेऊन हुंगतो. नळी कुठून जाते ते दाखवायला कंपनीने ठरावीक अंतरावर नंबर टाकलेले दगड पुरलेले असतात. त्या दगडांनी दादाला रडकुंडीला आणलं होतं. कुणी उपटून त्याला म्हैस बांधे, कुणी धुण्याला नेई, कुणाच्या ट्रकला वळायला अडचण झाली की दगड रातोरात आडवा. ठेकेदाराला सांगितलं तर तो म्हणे, फोटो पाठव. फोटो पाठवला की पुढे काही नाही.

मग दादाने त्याच्या मते फार हुशारीची एक गोष्ट केली. धामणकर नाक्यावरच्या पूजेच्या दुकानातून शेंदराचा डबा आणला आणि दर अमावस्येला आपल्या पट्ट्यातल्या दगडांना तेलात कालवून शेंदूर फासायला लागला. नंबर तेवढा उघडा ठेवायचा. एखाद्या दगडापुढे नारळ, दोन फुलं. महिन्याभरात दगड उपटणं थांबलं. दोन महिन्यांत बाया जाता-येता हात जोडायला लागल्या. आमच्या शेताच्या कडेच्या दगडाला कुणी हळदीकुंकू वाहिलं, कुणी नवस बोललं, आणि वर्षभरात तो आमच्या वाडीचा राखणदार देव झाला. नंबर शेंदराखाली कधी गेला ते दादालाही कळलं नाही. मी त्याला म्हटलं, तू नास्तिक माणूस, हे काय मांडलंयस? तो म्हणाला, “कंपनीच्या दगराला कोन भीत न्हाय. देवाला भितात. मना काय, दगर जाग्यावर रहायला पायजे.” मला ते इतकं आवडलं होतं की मी ते शाळेत सगळ्यांना सांगितलं.

देवाला लोक भितात हे त्याने बरोबर ओळखलं होतं. पण देवाला मानाने हलवता येतं, हे तो विसरला. आमच्या भागात शेतं गेली आणि गोडाऊनं उभी राहिली, तशी आमचीही जमीन भाड्याने गेली. पत्र्याचं मोठं गोडाऊन, पुढे ट्रकसाठी काँक्रीटचं आवार. त्या आवाराच्या ऐन तोंडाशी देव. माझ्या यजमानांनी, रमाकांतांनी, भगताला विचारलं. भगताने कौल लावला आणि सांगितलं की देवाची ना नाही, फक्त रिकाम्या हाताने हलवू नका. मग रीतसर हलवला. कोंबडा झाला, जेवण झालं, दगड पाटावर ठेवून वाजतगाजत चाळीस पावलं पलीकडे नेला आणि टाइल्स लावलेलं छोटं देऊळ बांधलं. पुढे पाण्याचा कलश धरून मी चालत होते. दादाने घरी काय शिकवलं, मी वर्गात काय शिकवते, त्यातलं काहीही त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. नवीन साडी होती, एवढं आठवतं. दुसऱ्या दिवशी दादा आला, देऊळ बघितलं, जुन्या जागी काठी टेकवून उभा राहिला. “रमाकांतराव, नली हितं हाय. देव तिकरं गेला म्हनून नली न्हाय गेली.” हे म्हणाले, कंपनीकडे नकाशा असेलच की. दादाने त्याच दिवशी रजिस्टरमध्ये लिहिलं की दगड मूळ जागेवरून हलला आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहिलं, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. ते रजिस्टर दर महिन्याला ठेकेदाराच्या ऑफिसात जायचं, त्यावर शिक्का बसायचा आणि ते परत यायचं. वाचलं कुणीच नाही.

पुढे गोडाऊनवाल्यांनी ट्रक तोलायच्या काट्यासाठी पाया खणला. जेसीबीवाल्याने विचारलं, इथे तेलाची लाइन आहे म्हणतात, कुठे? कुणीतरी देवळाकडे बोट दाखवलं. लाइनवरचा दगड तो बघ, चाळीस पावलं लांब आहे, खण बिनधास्त. जेसीबीचा दात कशावर तरी घासला, त्याला वाटलं कातळ. वर काँक्रीट पडलं. नळी फुटली नाही, नुसती दुखावली, आणि दादा वर्गात म्हणाला होता तशीच हळू गळायला लागली. कळलं आमच्या विहिरीला. एका सकाळी दादा चहाला आला, त्याने पोहरा खाली सोडला, वर घेतला, नाकाशी नेला आणि तसाच जमिनीवर ठेवला. मी पाण्यावरचे रंग बघितले आणि मला आमची खाडी आठवली. या वेळी ‘बाहेरून आलंय’ म्हणायला जागा नव्हती.

चौकशीला माणसं आली. ती आमच्याच ओटीवर बसली, मीच चहा केला. साहेबाने विचारलं, दगड कुणी हलवला? रमाकांत म्हणाले, “देव पयल्यापासून हितंच हाय, सायेब.” मी ट्रे घेऊन उभी होते. दादा ओटीच्या खाली चपला घालून उभा होता, त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली. मी एक शब्द बोलले असते तर... पण गोडाऊन आमच्या जमिनीवर, घर यांचं, आणि मला उद्या त्याच घरात भाकरी थापायची होती. दादानेही माझ्या सासरचं नाव घेतलं नाही. मग कंपनीच्या कागदावर काय आलं? लाइनवॉकरने खुणेच्या दगडाला रंग फासून त्याचं स्वरूप बदललं, त्यामुळे गोंधळ झाला. शेंदूर त्याने लावला होता, हे खरंच होतं. तेवढं एक खरं उचललं आणि बाकी सगळं खोटं त्याच्याआड लपवलं. रजिस्टरमधल्या नोंदी? त्यांचा कागदावर उल्लेखच नाही. ठेकेदाराने दादाला काढून टाकलं, विहीर आम्ही झाकली, आणि आमच्याकडे गेल्या वर्षापासून टँकरचं पाणी येतं. नळी दुरुस्त झाली. दगड मात्र देवळातच राहिला, कारण एकदा बसवलेला देव पुन्हा उठवायचा नसतो असं भगत म्हणतो.

काढल्यावर दादा माझ्याकडे एकदाच आला. पिशवीतून शेंदराचा डबा काढला आणि स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवला. “तुज्याकरं राहू दे. माज्या काय कामाचा आता.” मी म्हटलं, “दादा, माझं चुकलं.” तो म्हणाला, “तुजं काय? तू काय जेसीबी चालवलंस?” आणि हसला. मला त्याने ओरडायला हवं होतं. त्या महिन्यात कंबरेला पट्टा बांधून तो पुन्हा टँकरवर चढला.

अपघाताचं मला सांगितलं रफीकभाईंनी. त्यांचा लूमचा कारखाना त्या वळणावरच आहे. तेराव्यानंतर मी स्वतः जाऊन जागा बघितली. रस्ता कामासाठी अर्धा खणून ठेवलेला. खड्ड्याच्या कडेला सावध करणारी लाल-पांढरी पिंपं होती म्हणे, पण दोन दुकानदारांनी ती उचलून आपल्या दारात गाड्या लागू नयेत म्हणून ठेवली होती. मी गेले तेव्हाही ती तिथेच होती. इथेही खूणच हलवली होती, या वेळी तर देवाचंही निमित्त नव्हतं. भर दुपारी, समोरून येणाऱ्या रिक्षाला वाचवायला दादाने गाडी कडेला घेतली आणि कड खचली. टँकर आडवा झाला, पेट्रोल वाहायला लागलं. दादा खिडकीतून बाहेर आला, तेव्हा त्याला ओरखडासुद्धा नव्हता, रफीकभाई सांगतात. “ताई, वो भागा नहीं. सीधा माझ्या दारात आला. म्हनाला, भाई, मेन स्विच बंद करो, एक ठिनगी बस हाय. मी सगळे लूम बंद केले. बीस साल में पहिल्यांदा तो नाका इतना चुप झाला.” तोवर लोक जमले होते. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात बाटली, एकीने तर घरातली बादली आणली. फुकट वाहतंय म्हटल्यावर... दादा हात पसरून मध्ये उभा राहिला. मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, पाया पडला, एकाला ढकललंसुद्धा. लोक त्यालाच शिव्या देऊ लागले, तेरे बाप का है क्या. तरीही त्याने बहुतेकांना रस्त्यापलीकडे रेटलं. एकाने भरलेला डबा पुढे ठेवून मोटारसायकलला किक मारली आणि भडका उडाला. आगीजवळ तेव्हा तो आणि दादा दोघेच होते. दादाने त्याला गाडीवरून ओढून लांब फेकलं. तो भाजला, पण वाचला. रफीकभाईंनी हे सगळं बातमीवाल्याला सांगितलं होतं. छापून आलं ते तुम्हाला माहीतच आहे.

आता तुलना करा म्हटलं तर मी काय लिहू? जहाजाने सांडलेलं माझ्या बापाने पुसलं, नळीतून गळलेलं माझ्या विहिरीने प्यायलं, रस्त्यावर वाहिलेलं माझ्या भावाने अंगावर घेतलं. तिन्ही वेळा दोष कुणाचा हे कागदावर नीट लिहिलं गेलं, आणि तिन्ही वेळा खऱ्या दोषीचं नाव त्यात नव्हतं. पहिला कागद लिहिणारा साहेब परका होता. दुसऱ्या कागदाच्या वेळी चहा माझ्या हातचा होता. म्हणून परवा मी कंपनीला आणि ठेकेदाराला पत्र लिहिलं. दगड आम्ही हलवला, कलश मी धरला होता, माझ्या भावाने ते रजिस्टरमध्ये वेळोवेळी लिहिलं होतं, ते उघडून वाचा. खाली सही केली, शाळेचा पत्ताही दिला. रमाकांतांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “माझी सही हवीच का?” मी हो म्हटलं. माझ्या सहीचं पत्र गेलं, त्यांनी सही करायचा कागद फडताळात आहे, शेजारी पेन ठेवलंय. आम्ही जेवायला शेजारी बसतो, बोलतो. त्या कागदाबद्दल बोलत नाही.

पत्राला उत्तर आलेलं नाही, येईल असंही वाटत नाही. पण गोडाऊनच्या आवारात, काट्याच्या बाजूला, दादा काठी टेकवून उभा राहिला होता ती जागा मला पक्की ठाऊक आहे. शाळेला जाताना मी तिथे थांबते आणि काँक्रीटवर शेंदराचा एक पट्टा ओढते, ट्रकवाल्यांना दिसेल असा जाड. वॉचमन कधी हसतो, कधी म्हणतो, “मॅडम, सेठ ओरडतो.” दुपारपर्यंत ते पाइप लावून धुऊन टाकतात. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लावते. बोटं लाल घेऊनच वर्गात जाते, मुलींना आता सवय झाली आहे. डबा तळाला आलाय. धामणकर नाक्यावरच्या दुकानात तोच मिळतो, आज शाळा सुटल्यावर दोन घेऊन येणार आहे.